कपाटातला हिरवा अभ्रक

पडघान सरांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम दगड असायचे. एक नाही, तीन-चार. त्यामुळे ते चालताना उजवीकडे किंचित झुकलेले वाटत आणि नव्या माणसाला त्यांच्या पायात काही दोष असावा अशी शंका येई. खिसे सारखे फाटायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, प्रत्येक पँटचा उजवा खिसा जुन्या दप्तराच्या कापडानं आतून शिवून दिला आणि डाव्या खिशात दगड सापडला तर त्या दिवशी जेवायला मिळणार नाही, असं बजावून ठेवलं. डाव्या खिशात रुमाल असायचा. तोही दगड पुसायला.

मेडशीच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या मिनिटाला मला "भाषावाले" अशी हाक मारली. ती पुढं सतरा वर्षं टिकली. शाळेत एक "गणितवाले" होते, एक "इतिहासवाल्या बाई" होत्या, आणि मुख्याध्यापकांना ते त्यांच्या माघारी "सहीवाले" म्हणत. माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहत नसत. दगडांची मात्र मूळ गावासकट, नाल्यासकट पाठ होती.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख भलतंच वाढलेलं असे. ते हौसेनं वाढवलेलं नव्हतं, ते त्यांचं उपकरण होतं. कोणता दगड किती कठीण, हे ते नखानं ओरखडून सांगत. नख उमटलं तर मऊ, नाही उमटलं तर पुढचं हत्यार म्हणजे किल्ली. एकदा वाशीमला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी मंगल कार्यालयाच्या फरशीवर नख मारून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या वधूच्या मामाला, "हे संगमरवर नाई जी, फसवलं तुमाले," असं सांगितलं. कार्यालय मामांच्या मालकीचं निघालं. आम्ही जिलेबी वाढायच्या आत उठलो.

नखानं भागलं नाही तर सर दगड चाटत. ओल्या दगडाचा रंग खरा दिसतो आणि माती असली तर जिभेला चिकटते, हे त्यामागचं शास्त्र. पण रस्त्याच्या कडेला उभं राहून दगड चाटणाऱ्या माणसाकडं लोक शास्त्र म्हणून बघत नाहीत. गावातल्या एका म्हातारीनं वहिनींना बाजूला घेऊन विचारलं होतं, "मास्तरच्या पोटात जंत हायेत काय वं? औषध दे बाई त्याले." वहिनींनी तेव्हा मोठ्या गंभीरपणे मान हलवली आणि ही गोष्ट पुढं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. कुणी काहीही सांगितलं, उद्या सुट्टी आहे म्हणा, बदली होणार म्हणा, अमुक गोळीनं गुडघे दुखायचे थांबतात म्हणा, सर चष्म्यावरून बघत आणि विचारत, "तपासलं का?" त्यांचे आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन परतले तेव्हा घरातल्या सगळ्यांना समोर बसवून म्हणाले होते, की आजपासून कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पाहायचं. सरांनी ती गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की आजोबांच्या अंगावरचं धोतर मी ओळखीन. घरात शिस्तच तशी होती. भाजीत मीठ कमी आहे असं सरांनी म्हटलं तर वहिनी स्वयंपाकघरातून विचारत, "तपासलं का?" आणि सर मुकाट्यानं दुसरा घास घेत.

अशा माणसाला आयुष्यात एकच गोष्ट सिद्ध करून दाखवायची होती. आमच्या प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटातला एक हिरवा दगड अभ्रक आहे, एवढीच.

त्या कपाटात शाळेच्या स्थापनेपासूनचा नमुन्यांचा डबा होता. त्यात एक अभ्रक होता, पुस्तकात असतो तसाच: चकचकीत, पापुद्रे निघणारा, खाली "अभ्रक" अशी छापील चिठ्ठी. त्याच्या शेजारी सरांनी नाल्यातून आणलेला एक काळा दगड ठेवला होता. दगडाला बोटभर रुंद पोकळ्या होत्या आणि त्यांना आतून गडद हिरवा लेप बसलेला होता. खाली सरांच्या अक्षरात चिठ्ठी: "अभ्रक (आपल्या गावचा). सेलॅडोनाइट. दुर्मीळ." हा दगड चमकायचा नाही. त्याचे पापुद्रे निघायचे नाहीत. शेजारच्या छापील अभ्रकाशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं, आणि सरांचं सगळं म्हणणंच ते होतं.

"धिरड्याले जाळी पडते ना," ते वर्गात सांगत, "तशी या दगडाले पडली. लाव्हा होता तवा त्याच्यात वाफ होती. लाव्हा थिजला, वाफ निंगून गेली, भोकं तशीच राह्यली. मंग त्या भोकांतून गरम पानी झिरपलं. एक-दोन वर्स नाई, लाखो वर्स. त्या पान्यानं दगडातलं लोह घेतलं, पोटॅशियम घेतलं, मॅग्नेशियम घेतलं, अन् भोकाच्या भिंतीले आतून हिरवा लेप देला. तो लेप अभ्रकाचा हाय. त्याचे पापुद्रे असतातच, पन इतके बारीक की डोळ्याले दिसत नाईत. मंग चमकन कसा?"

हे ते खडूनं हात पांढरे होईपर्यंत सांगत. ही सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची हकिकत ते अशा थाटात सांगत की पाणी झिरपत होतं तेव्हा हे तिथं बादली घेऊन उभे होते असं वाटावं. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण तो तास मी खिडकीतून तीनदा ऐकला आहे. तिन्ही वेळा माझ्या वर्गातली मुलं माझी वाट बघत बसली होती.

पंचाईत एवढीच होती की हे पुस्तकात नव्हतं. मुख्याध्यापकांनी दोनदा सांगून पाहिलं, की सर, परीक्षेत पोरं लिहितील, बाहेरचे मास्तर मार्क कापतील. सर म्हणत, "कापू द्या. दगड त्याचं नाव बदलवत नाई."

एके वर्षी तपासणीसाठी साहेब आले. त्यांनी सातवीच्या वर्गात सहज विचारलं, अभ्रक कसा असतो? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "दोन प्रकारचा सर! एक पुस्तकातला अन् एक आपल्या गावचा!" साहेबांची उत्सुकता चाळवली. त्यांना कपाटापाशी नेलं. त्यांनी हिरवा दगड हातात घेतला, लेपावर बोट फिरवलं, बोट हिरवं झालं, ते त्यांनी पांढऱ्याशुभ्र रुमालाला पुसलं आणि रुमालही हिरवा झाला. सर कौतुकानं बघत होते. साहेबांनी जाताना शेरेपुस्तकात लिहिलं, "अभ्रक स्वच्छ ठेवावा." सरांनी त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली. त्यांच्या मते, सरकारनं त्या दगडाला अभ्रक म्हटल्याचा तो एकमेव लेखी पुरावा होता.

तो दगड स्वच्छ राहणं मात्र अवघड होतं. दर पावसाळ्यात त्याचा लेप थोडा थोडा गळायचा आणि काचेच्या फळीवर हिरवी भुकटी साचायची. शिपाई ती ओल्या फडक्यानं पुसून काढी. सर म्हणत, हवा दमट झाली की होतं असं. आम्ही मान डोलावत असू.

आता भाऊरावांच्या विहिरीची गोष्ट सांगायला हवी. भाऊराव म्हणजे शाळेच्या पलीकडच्या वावराचे मालक. सोयाबीन आणि तूर पिकवणारा, तालेवार, मानी माणूस. त्यांची मुलगी वैशाली आमच्याकडे नुकतीच नववीत जाणार होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी विहीर खणायला घेतली. तीस-पस्तीस फुटांवर सुरुंग उडवला तर आतून सगळा भोकाभोकांचा दगड निघाला आणि प्रत्येक भोकात निळसर हिरवा रंग. मंगरूळपीरहून खतांच्या कामानं आलेल्या कुणीतरी एक तुकडा उन्हात धरून पाहिला आणि म्हणाला, पन्ना दिसतो. झालं. भाऊरावांनी काम थांबवलं. विहिरीच्या काठावर दोन माणसं बसवली. सगळ्यात मोठ्या दगडाला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि भर दुपारी सरांना बोलावणं पाठवलं. सर मला म्हणाले, "चला भाषावाले, साक्षीदार पायजे."

काठावर वीसेक माणसं जमली होती. सरांनी पूजेतला दगड उचलला आणि कुणाला काही कळायच्या आत हळदीकुंकवासकट चाटला. बायकांनी तोंडाला पदर लावला. भाऊरावांचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागं सरलो.

"पन्ना नाई भाऊ," सर म्हणाले. नखानं ओरखडा काढून दाखवला. "पन्न्यावर नख उठत नाई."

"वरचा कच्चा असन. आतला पक्का असन," भाऊराव म्हणाले.

"तपासू ना मंग. गॅस हाय का घरी?"

सगळा मेळा भाऊरावांच्या स्वयंपाकघरात गेला. सरांनी हिरवा लेप खरवडून चमच्यात घेतला आणि तो चमचा शेगडीवर धरला. वैशाली सांडशी घेऊन शेजारी उभी होती. हिरव्याचा हळूहळू तपकिरी रंग झाला, मग विटकरी. "लोह जळलं," सर आनंदानं म्हणाले. "पन्ना असता तं असा झाला नसता." इतकं वाईट इतक्या आनंदानं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भाऊरावांची बायको म्हणाली, "माहा चमचा काळा केला," आणि तेवढ्यावर ती माउली थांबली.

भाऊरावांनी चमच्यात डोकावून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "पन्ना नाई तं नाई. पन तुमच्या कपाटात हाय तसा अभ्रक तरी हाय ना हा?"

इथं सरांनी हो म्हणायला हरकत नव्हती. निदान शाळेत नेऊन बघतो, एवढं तरी म्हणता आलं असतं. सरांनी एक तुकडा उजेडात धरला, फिरवला आणि म्हणाले, "नाई. हा निळसर हाय. आपला गडद हिरवा हाय. ही नुसती माती होय भाऊ."

"म्हंजे पन्ना बी नाई अन् अभ्रक बी नाई," भाऊराव सावकाश म्हणाले. "अभ्रक तुमच्याच कपाटात असते. माह्या वावरात कायच नाई."

पुढच्याच सुरुंगाला विहिरीला रग्गड पाणी लागलं. दगड काढून रस्त्याच्या कडेला ढीग घातला गेला. पण भाऊराव सरांशी जे बोलायचे थांबले ते थांबलेच. समोरून सर आले की ते मोटारसायकलचा वेग वाढवत. सर म्हणत, "खरं सांगतलं म्हून राग आला." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीआधी सहामाही परीक्षा झाली. नववीचा पेपर सर स्वतः काढत आणि त्यात त्यांचा एक लाडका प्रश्न दरवर्षी असे: "आपल्या परिसरात आढळणाऱ्या अभ्रकाविषयी लिहा." दोन गुण. मुलांना तो पाठ होता. धिरडं, जाळी, गरम पाणी, हिरवा लेप, शाळेचं कपाट. एवढं लिहिलं की दोन गुण खिशात.

शिक्षकांच्या खोलीत माझ्या समोरच ते पेपर तपासत होते. एका पेपरावर त्यांचा हात थांबला. कपाळाला आठी पडली. त्यांनी तो माझ्याकडं सरकवला. वैशालीचा पेपर होता. तिनं लिहिलं होतं: "कपाटातल्या दगडाची पावसाळ्यात भुकटी पडते. मी रोज पाहिली. आमच्या विहिरीतला दगड मी पावसात बाहेर ठेवला होता, त्याची भुकटी पडली नाही. म्हणून मला वाटते की विहिरीतला अभ्रक असावा आणि कपाटातला नसावा."

"बापानं लिहून देलं," सर म्हणाले. "माहा बदला काढून राह्यला."

त्यांनी लाल पेनानं शून्य दिलं आणि खाली शेरा लिहिला: "तपासल्याशिवाय लिहू नये."

मला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं, पण मराठी कळत होती. "मी रोज पाहिली" या वाक्यात बाप कुठंच नव्हता. हे मी बोलायला हवं होतं. मी चहा पिऊन माझ्या तासाला गेलो. ती मुलगी त्याआधी सरांच्या तासाला सारखा हात वर करायची, इतका की सर वैतागून म्हणत, "तू जरा श्वास घे." त्या सहामाहीनंतर तिनं हात वर केलेला मी पाहिला नाही. दहावीला बरे गुण मिळाले, अकरावीला कला शाखेत गेली. सरांच्या हे लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

मध्ये बरीच वर्षं गेली. सर म्हातारे दिसायला लागले, नख तसंच राहिलं. त्यांनी चार विद्यापीठांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचं माहितीपत्रक होतं. निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा मेडशीजवळ रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि डोंगराची कूस नव्यानं कापली होती. तिथं नागपूरच्या एक संशोधक बाई हातोडी घेऊन दगड गोळा करताना सरांना बसच्या खिडकीतून दिसल्या. सरांनी बस थांबवली. कंडक्टरला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दुपारी ते बाईंना घेऊनच शाळेत आले.

बाईंनी कपाटातला दगड भिंगानं पाहिला. "सेलॅडोनाइट असू शकतो, सर. पण याच पोकळ्यांत हिरवी चिकणमातीही असते. डोळ्यांनी ठरवता येत नाही, यंत्रातच कळतं."

"न्या मंग. आमी वाट पाहून राह्यलोच हो," सर म्हणाले. त्यांनी खरवडून दिलेला तुकडा बाईंनी पुडीत बांधला. परत जाताना त्या रस्त्याकडेच्या भाऊरावांच्या ढिगापाशी थांबल्या आणि तिथलाही एक निळसर तुकडा उचलला.

"ती माती होय मॅडम," सर म्हणाले. "कायले ओझं वाढवता?"

"बघते तरी," बाई म्हणाल्या.

अहवाल महिन्याभरानं सरांच्या मोबाइलवर आला. मधली सुट्टी होती. सरांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "वाचा भाषावाले, इंग्रजी बारीक हाय." मी वाचलं. नमुना एक, शाळेचं कपाट: चिकणमाती. नमुना दोन, विहिरीजवळचा ढीग: सेलॅडोनाइट, म्हणजे अभ्रक. मी पुन्हा वाचलं, आकड्यांची अदलाबदल झाली असेल या आशेनं. नव्हती झाली.

सरांनी बाईंना फोन लावला. बाईंचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. चिकणमातीचे थर पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात, अभ्रकाचे फुगत नाहीत, यंत्रात हाच फरक दिसतो, असं त्या सांगत होत्या. "तुमच्या दगडाची पावसाळ्यात भुकटी पडत असेल ना, सर?"

"पडते," सर म्हणाले.

"आणि खरा सेलॅडोनाइट बऱ्याचदा निळसरच असतो. जगात फार ठिकाणी मिळत नाही, पण तुमच्याकडच्या काळ्या दगडात भरपूर आहे."

सरांनी फोन टेबलावरच्या काचेवर ठेवला. घंटा झाली. ते उठले नाहीत. मग म्हणाले, "हे मले कोनी तरी सांगतलं होतं. लिहून देलं होतं. अन् मी तिले काय लिहून देलं, मालूम हाय ना तुमाले?" मला माहीत होतं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांनी चुकून उजव्या खिशात हात घातला.

आम्ही सगळ्यांनी त्यांना समजावलं. मुख्याध्यापक म्हणाले, सर, पाच महिने राहिले, राहू द्या ती चिठ्ठी, कोण बघतंय. मी पण तेच म्हणालो. सरांनी दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बदलली: "हिरवी चिकणमाती. हा अभ्रक नाही. माझी चूक. पडघान." प्रत्येक वर्गात जाऊन त्यांनी सांगितलं. मुलांना फार आनंद झाला, कारण पाठ केलेलं आता विसरता येणार होतं. निरोप समारंभात गावच्या एका पुढाऱ्यानं भाषण केलं, "ज्यांनी आपल्या गावाला अभ्रक दिला..." तेवढ्यात सर शाल सावरत उठले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "नाई देला. अभ्रक भाऊरावच्या वावरातला हाय." पुढाऱ्यांनी पुढचं भाषण कर्मवीर वगैरे शब्दांवर कसंबसं निभावून नेलं.

समारंभ झाल्यावर भाऊरावांकडं सर एकटे जायला निघाले होते, मी मागं लागून गेलो. इतक्या वर्षांनी सर अंगणात उभे पाहून भाऊरावांनी आधी खुर्ची पुढं केली आणि मग आपण बोलत नाही हे त्यांना आठवलं. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. भाऊरावांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे आमचा अभ्रक हाय."

"हाय."

"काय भाव हाय त्याले?"

"भाव काई नाई भाऊ. कोनी घेत नाई."

"मंग त्या वक्ती सांगतलं असतं तरी काय होत होतं!" भाऊराव एकदम हसले. मग हसू ओसरलं. "माह्यं जाऊ द्या सर. मले तं दोन दिवस वाईट वाटलं. पन पोरगी तुमचा पेपर घेऊन आली अन् दगड सारे आंगनाबाहेर फेकले तिनं. मी इचारलं तं सांगे ना. तिले सांगा काय सांगाचं ते." वैशाली आता एसटीत कंडक्टर होती. वाशीमला राहायची, अकोला-वाशीम गाडीवर असायची.

त्यानंतर आठवडाभर सर मेडशीच्या थांब्यावर दिसत. गाड्या येत, ते दारातून आत डोकावत आणि न चढता परत बाकावर जाऊन बसत. लोकांना वाटलं, निवृत्तीमुळं डोक्यावर परिणाम झाला.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच थांब्यावरून सुटणाऱ्या गाडीत. मला वाशीमला शिक्षण खात्यात काम होतं. गाडी आली, सर डोकावले आणि या वेळी चढले. मी त्यांच्या मागं. पुढं वैशाली तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उभी होती, खाकी पोशाखात, अंगानं जरा भरलेली.

"सर तुमी! बसा ना. कुठसा जाऊन राह्यले?"

"कुठं नाई. तुह्याकडंच आलो," सर म्हणाले. गाडीत दाटी नव्हती. सगळे बघत होते. "नववीच्या सहामाहीले अभ्रकाचा प्रश्न होता."

ती एका क्षणात म्हणाली, "दोनपैकी शून्य."

सरांनी वरची दांडी पकडली. "ते दोन पायजे होते. तुह्यं बरोबर होतं, विहिरीतलाच अभ्रक होता. मी तपासलं नाई. तू तपासलं होतं. माह्यं चुकलं बाई."

वैशालीनं मशीनकडं पाहिलं. मागून कुणीतरी मालेगावचं तिकीट मागितलं, ते तिनं दिलं, सुटे मोजून परत केले. मला वाटलं, आता ती पुढं जाईल आणि जावंही तिनं. त्या माणसाचं ती काही देणं लागत नव्हती.

ती परत वळली. "दोन कायचे सर? एकच द्या. कारन कुठं लिहिलं होतं मी," ती म्हणाली. मग जरा पुढं झुकून तिनं विचारलं, "पन ती भुकटी काहून पडायची?"

सरांच्या शेजारची सीट रिकामी होती. ड्रायव्हरनं गाडी घाटाला लावली. सर दोन्ही हातांनी दांडी धरून, तिच्यासमोर उभे राहून सांगायला लागले, आणि वाशीम येईपर्यंत बसले नाहीत.